वैनगंगेवरचा दिवस : आधी थांबा ठरवा, मग डोंगा सोडा

दिवाळी सरली की आरमोरीजवळ वैनगंगेचे पाणी उतरू लागते. पावसाळाभर काठोकाठ वाहिलेल्या पात्रातून रेतीची बेटे वर येतात, एकच प्रवाह दोन-तीन धारांत वाटला जातो आणि ब्रह्मपुरी रस्त्यावरच्या पुलावरून जाणाऱ्याला वाटते की एखादा दिवस डोंग्यातून या बेटांवर हिंडून यावे. ही इच्छा मोलाची आहे. पुलावरून नदी नुसती दिसते. तिचे वळण, डोह आणि धार कळायची तर पाण्याच्या पातळीवर उतरावे लागते. अशा दिवसाची तयारी करणारे बहुतेक लोक डोंगा कोणाचा, वल्हवणार कोण, जेवण काय न्यायचे, पोहता कोणाला येते, एवढ्यावर थांबतात. हे प्रश्न गैर नाहीत, पण ते दुसऱ्या क्रमांकाचे आहेत. पहिला प्रश्न असा : आपण कुठे थांबणार, तिथे किती वाजता पोचणार आणि तिथून परत निघण्याची शेवटची वेळ कोणती? नदीवरचा दिवस नीट पार पडतो तो हातातल्या वल्ह्यापेक्षा या प्रश्नाच्या उत्तराने, हेच या लेखाचे म्हणणे आहे.

समुद्रावर हिंडणाऱ्यांनी हा धडा फार पूर्वीच गिरवला आहे. अंदमान किंवा लक्षद्वीपसारख्या बेटांभोवतीच्या प्रवाळाच्या पाण्यात शिडाची नौका नेणारे लोक दिवसाची आखणी शेवटापासून करतात. प्रवाळाचे खडक पाण्याखाली दिसतात ते सूर्य डोक्यावर आणि पाठीमागे असताना. उन्हे कलली की पाण्याचा पृष्ठभाग नुसता चमकतो आणि खालचे काही दिसत नाही. म्हणून नांगर टाकण्याची जागा उजेड भरपूर असतानाच गाठायची असे ठरवून ते सकाळी निघण्याची वेळ काढतात. पहिली जागा साधली नाही तर दुसरी कोणती, हेही आधीच ठरलेले असते. नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडतात, कारण दोर आखूड असला तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर तळातून सुटतो. भरती-ओहोटीचा हिशोबही हाताशी असतो. आपल्या कोकणातला कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतो आणि ती फारशी चुकत नाही. वैनगंगेवर मात्र ही एक सोय नाही. इथे पाणी चढण्याची वेळ चंद्रावर ठरत नाही, म्हणून थांब्याचा विचार समुद्रापेक्षाही काटेकोरपणे करावा लागतो.

इथले पाणी ठरते ते वरच्या अंगाला. मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली ही नदी बालाघाट, गोंदिया, भंडारा ओलांडून आपल्याकडे येते आणि पवनीजवळ गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे तिच्यावर आहेत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून आलेल्या पाण्यामुळे हे सगळे दरवाजे उघडावे लागले आणि ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरी या पट्ट्यात महापूर आला. ब्रह्मपुरी तालुक्यातले लाडज हे गाव चारही बाजूंनी वैनगंगेने वेढलेले आहे. त्या पुरात तिथल्या माणसांना बाहेर काढण्यासाठी बचाव पथकांच्या बोटी लागल्या. यातून घेण्याची गोष्ट ही, की आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही नदी चढू शकते, कारण पाऊस दूर पडलेला असतो आणि पाणी काही तासांनी आपल्यापर्यंत येते. गाढवी आणि खोब्रागडी या नद्याही याच परिसरात वैनगंगेला मिळतात आणि गाढवीवर वर इटियाडोहचे धरण आहे. हिवाळ्यात महापुराची भीती नसते हे खरे. तरी रेतीच्या सपाट बेटावर वीतभर पाणी वाढले तरी बसायची जागा निम्मी होते आणि परतीची उथळ वाट खोल होते. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळीही तहसील कार्यालयात किंवा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर विचारावे, की वरून पाणी सोडले आहे का, सोडणार आहेत का.

यावर कोणी म्हणेल की अशी माहिती वेळेवर मिळतेच असे नाही. मग विचारण्यात काय अर्थ? अर्थ आहे, पण नुसत्या फोनवर विसंबू नये, हा आक्षेप मला मान्य आहे. त्यासाठी नदीच्या काठावरचा साधा उपाय आहे. बेटावर उतरताच पाणी जिथे रेतीला टेकते तिथे एक काडी रोवावी आणि दर पंधरा मिनिटांनी तिच्याकडे पाहावे. पाणी काडीच्या पुढे सरकू लागले, स्वच्छ पाणी गढूळ झाले किंवा पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर ताटातला घास टाकून डोंग्यात बसावे. पाणी किती चढणार याचा अंदाज बांधत बसू नये. हे काम गटातल्या एका माणसाकडे नावानिशी सोपवावे. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही, आणि गप्पा रंगल्या की पहिली विसरली जाते ती काडीच.

दुसरा आक्षेप जास्त वेळा ऐकू येतो : हिवाळ्यात नदीत पाणीच किती असते, गुडघाभर! या समजाला उत्तर देणारी घटना आपल्याच जिल्ह्यातली आहे. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ मिरची तोडायला पैलतीरी निघालेल्या मजूर महिलांची नाव वैनगंगेत उलटली आणि सहा जणी बुडाल्या. तेव्हा पूर नव्हता, पावसाळा नव्हता. नदी सरासरीने उथळ असते, पण माणूस सरासरीत बुडत नाही. तो एका विशिष्ट जागी बुडतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार जोरात वाहते, तळ खरवडते आणि तिथे डोह पडतो; आतल्या अंगाला ती मंदावते आणि रेती टाकते. बेटाचे वरचे टोक हळूहळू उतरत गेलेले असते, तर खालच्या टोकाशी रेती भुसभुशीत असते आणि दोन पावलांत कमरेचे पाणी डोक्यावर जाते. त्यात भर रेतीच्या उपशाची. यंत्राने उकरलेला खड्डा वरून दिसत नाही आणि गेल्या वर्षीच्या आठवणीवर चालणाऱ्याला तो फसवतो. दर पावसाळ्यानंतर पात्र नवे असते, म्हणून मागच्या हिवाळ्यात पाहिलेला थांबा या हिवाळ्यात नव्याने तपासावा लागतो. नाव थांबवण्यापूर्वी बांबूने तळ चाचपावा, आणि उतरताना आधी बांबू, मग पाय, हा क्रम कोणीही मोडू नये.

विदर्भातली आणि बाहेरची आणखी दोन उदाहरणे याच मुद्द्याकडे बोट दाखवतात. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्याच्या वरुड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. एका ठिकाणी पावसाळ्यातली वाहती नदी, दुसऱ्या ठिकाणी उन्हाळ्यातले साठलेले पाणी, गणपूरला हिवाळ्यातली नदी. ऋतू वेगळे, पाणी वेगळे, पण तिन्हीकडे नाव सुटली तेव्हा प्रवाशांपाशी परतण्याची मोकळीक उरलेली नव्हती. पाण्यात शिरल्यानंतर शहाणपणाला वाव फार थोडा असतो. तो घाटावर भरपूर असतो. म्हणून निर्णय घाटावर घ्यायचे.

त्यातला पहिला निर्णय माणसांच्या संख्येचा. सहा मीटर लांब आणि सरासरी पाऊण मीटरच्या आतबाहेर रुंद असा डोंगा धरला, तर त्याने पाण्यावर व्यापलेली जागा साधारण चार चौरस मीटर भरते. म्हणजे ४० किलो वजन चढले की तो एक सेंटिमीटर खाली जातो, आणि ६० किलोचा एक माणूस त्याला दीड सेंटिमीटर बुडवतो. आठ माणसे म्हणजे १२ सेंटिमीटर. डबे, पाण्याची भांडी, चटया वेगळ्याच. हा हिशोब सगळे शांत बसले आहेत असे धरून केलेला आहे. एक जण उभा राहिला की भार वर सरकतो, दोघे फोटोसाठी एका बाजूला झुकले की तो काठ पाण्याला टेकतो, आणि एकदा पाणी आत आले की ते खालच्या बाजूलाच धावून झोक वाढवते. म्हणून सगळे बसल्यावर पाण्यापासून डोंग्याचा काठ निदान एक वीत वर दिसला पाहिजे. दिसत नसेल तर एकाने उतरावे, ‘थोडे सरकून बसा’ म्हणून भागवू नये. वजन तळाशी, मध्यावर आणि दोन्ही बाजूंना सारखे ठेवावे. आत आलेले पाणी उपसायला भांडे हवे आणि ते दोरीने बांधलेले हवे.

इथे तिसरा आक्षेप येतो आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. ढिवर बांधव पिढ्यान्‌पिढ्या याच नदीवर जाळी टाकतात, जाकीट न घालता पहाटे जातात आणि परत येतात. मग आपल्यालाच एवढे सोपस्कार कशाला? फरक असा, की ढिवर डोंग्यात एकटा किंवा दुकटा असतो, त्याचा डोंगा हलका असतो, तो तोल सांभाळत वावरतो आणि या वर्षीचा तळ त्याने जाळ्याच्या दोरीने रोज मोजलेला असतो. पर्यटक हा त्याच्या डोंग्यातला अनोळखी भार आहे. त्याच्या ज्ञानाचा खरा मान राखायचा तर त्याचे अनुकरण करण्याऐवजी त्याला सोबत घ्यावे, त्याच्या दिवसाचा पुरता मोबदला द्यावा आणि निघण्याआधी त्याला विचारावे : यंदा डोह कुठे सरकला, रेतीचा उपसा कुठे झाला, वारा सुटला तर पाठ कुठे टेकायची? त्याने ‘आज नको’ म्हटले तर तो शब्द शेवटचा मानावा. जास्त पैसे देऊ करून त्याचे मत बदलायला लावणे हा त्याच्यावर आणि स्वतःवर केलेला अन्याय आहे. जाकीट मात्र त्यानेही घालावे असा आग्रह आपण धरावा, कारण वेळ आली तर बाकीच्यांना हात देणारा तोच असतो.

जाकीट घेताना रंगापेक्षा त्यावर लिहिलेला अंक पाहावा. ५० न्यूटनचे जाकीट पोहता येणाऱ्यासाठी आहे. ते फक्त मदत करते. पोहता न येणाऱ्याला निदान १०० न्यूटनचे हवे, जे माणसाला उताणे करून तोंड पाण्याबाहेर ठेवण्यासाठी बनवलेले असते. लहान मुलांना त्यांच्या मापाचे आणि पायांमधून पट्टा असलेले घ्यावे, नाहीतर पाण्यात मूल खाली जाते आणि जाकीट वर राहते. आसनाखाली ठेवलेले जाकीट नसल्यात जमा धरावे. नाव उलटायला जितका वेळ लागतो तितक्यात ते अंगात घालता येत नाही.

आता दिवसाची आखणी शेवटापासून करू. आरमोरी मुंबईच्या बरीच पूर्वेला असल्याने इथला सूर्य अर्ध्या तासाने लवकर मावळतो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास तो खाली जातो. सूर्यास्तापूर्वी दीड तास तरी घाटावर परत यायचे असे ठरवले तर चारला डोंगा घाटाला लागला पाहिजे, आणि त्यासाठी तीनच्या आत शेवटचा थांबा सोडला पाहिजे. हा दीड तास वाऱ्याला, वाट चुकायला, कोणाच्या पायात काटा मोडायला राखून ठेवायचा आहे. एवढी सावधगिरी कशाला, असे वाटणाऱ्याने काठाकडे पाहावे. पश्चिमेला ब्रह्मपुरी वनविभाग आणि पूर्वेला वडसा वनविभाग, दोन्हीकडे वाघांचा वावर आहे. अनेकांचा जीव घेणारा सीटी-१ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरातच जेरबंद झाला. छत्तीसगडमधून आलेले रानटी हत्तीही २०२१ पासून या भागात फिरत आहेत. अंधारात नदी सोडून ‘इथेच काठाला लागू आणि शेतातून चालत जाऊ’ हा पर्याय इथे पर्याय नाही. म्हणूनच थांबा आणि परतीची वेळ आधी ठरवायची.

सकाळी धुके पूर्ण निवळल्याशिवाय निघू नये. धुक्यात पाण्यावरचे लाकूड, जाळ्यांच्या दोऱ्या आणि समोरून येणारा डोंगा दिसत नाही. नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, तर आधी वर देसाईगंजच्या दिशेने जावे आणि थकलेल्या हातांनी परतताना धारेची मदत घ्यावी. उलट क्रम केला तर सकाळी सोपे वाटते आणि दुपारी, वारा उठलेला असताना, धारेविरुद्ध वल्हवावे लागते. वरच्या अंगाला गेल्याचा आणखी एक फायदा असा की वल्हे मोडले तरी पाणी आपल्याला घराच्या बाजूला आणते. लाडजसारख्या लांबच्या ठिकाणी जायचे असेल तर काठापर्यंत रस्त्याने जाऊन तिथल्या नावेने पार व्हावे. सगळे अंतर डोंग्यातून कापण्याच्या हट्टात राखीव वेळ संपून जातो. पावसाळ्याचे चार महिने आणि मे महिन्यातल्या वादळी दुपारी ही सहल पूर्ण टाळावी.

थांब्याची निवड करताना दोन जागा ठरवाव्यात, एक आवडीची आणि एक तिच्या अलीकडची. जागा वळणाच्या आतल्या बाजूला, मंद धारेत, उतरत्या टणक रेतीची असावी. उभ्या कडेखाली डोंगा लावू नये; खालून पोखरलेली दरड न सांगता कोसळते. बांधताना पुढचे टोक धारेकडे ठेवून तिथेच दोर बांधावा. मागच्या टोकाला दोर बांधून धारेत उभा केलेला डोंगा मागून पाणी घेतो आणि बघता बघता भरतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की दोरावरचा ताण चौपट होतो, तेव्हा रेतीत बांबू हातभर रोवून समाधान मानू नये. तो खोल ठोकावा आणि पाण्यापासून दूर, उंच भागात दुसरा बांबू रोवून दोर त्यालाही बांधावा. रेतीच्या बेटावर डोंगा सुटून जाणे हे नाव उलटण्याच्या खालोखाल मोठे संकट आहे, कारण मग चारी बाजूंनी पाणी असलेल्या जागी आपण अडकतो. दोन गोष्टी बेटाच्या खऱ्या रहिवाशांसाठी. उन्हाळ्याच्या तोंडावर नदीसुरय, टिटवी यांसारखे पक्षी उघड्या रेतीतच अंडी घालतात. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागले तर तिथून पाय काढावा. आणि रेतीत वेलफळांची डांगरवाडी लावलेली असेल तर ती कोणाच्या तरी वर्षाच्या पोटाची सोय आहे, तिच्यातून वाट काढू नये.

इतके करूनही नाव उलटली तर नावेला सोडू नये. लाकडी डोंगा उलटला तरी तरंगतो आणि शोधणाऱ्याला माणसाच्या डोक्यापेक्षा तो आधी दिसतो. धार ओढू लागली तर उताणे व्हावे, पाय धार वाहते त्या दिशेला ठेवावेत आणि तिरपे होत काठाकडे सरकावे. धारेविरुद्ध हात मारू नयेत. बुडणाऱ्याला धरायला उडी मारण्याआधी बांबू, दोर, साडी, जे हाताशी असेल ते फेकावे. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावा आणि ११२ लावताना नदीचे नाव सांगून न थांबता कोणत्या काठाला, कोणत्या गावाच्या समोर हे सांगावे. ते सांगता यावे म्हणून थांब्याची नावे आणि परतण्याची वेळ घाटावर राहणाऱ्या एका माणसाला लिहून द्यावी.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. हे सगळे नियम फावल्या वेळेत फिरणाऱ्यांना ठीक. पण रोजीसाठी नदी ओलांडणाऱ्या मजूर बाईने निघायची वेळ कशी निवडायची? ती निवडू शकत नाही, हेच सत्य आहे, आणि म्हणून तिच्या सुरक्षेचा भार तिच्यावर टाकता येत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये नौका सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांचाही विचार आहे. ती तत्त्वे घाटावर दिसायची तर ग्रामपंचायतीने प्रत्येक नावेवर माणसांची मर्यादा रंगवून घ्यावी, घाटावर जाकिटे ठेवावीत आणि हंगामात मजूर नेणाऱ्या शेतमालकांकडून त्याचा खर्च मागावा. आपण फिरायला जाणाऱ्यांनीही यात वाटा उचलावा. आपल्याला दिवस पुढे ढकलता येतो, अर्ध्यातून फिरता येते, घाटावरूनच परत जाता येते. ही मोकळीक आपल्याजवळ असताना ती न वापरणे हा बेजबाबदारपणा आहे. सहलीसाठी घेतलेली जाकिटे वर्षातून एक दिवस वापरून घरात टांगून ठेवण्यापेक्षा नावाड्याच्या हवाली करावीत. मिरचीच्या हंगामात ती रोज सकाळी कोणाच्या तरी अंगावर चढतील.